जुन्या फोनची खंडेनवमी

सहा वर्षं ज्या बाईनं सख्ख्या बहिणीचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, तिला आता त्याच बहिणीसाठी फोन घ्यायचा होता, आणि तोही चार दिवसांत. आता बोला! हेमावतीबाईंना कुणी हे वर्षापूर्वी सांगितलं असतं, तर त्यांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. वर्ग नव्हता, निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, तरी उभं केलंच असतं.

झालं असं, की रविवारी दुपारी मिरजेहून सुमंतचा फोन आला. सुमंत म्हणजे शांताक्काचा, त्याच थोरल्या बहिणीचा, मुलगा. बाईंच्या बटणांच्या फोनमधून त्याचा आवाज चिरकत, तुटत येत होता. तीनदा ‘काय? काय?’ विचारल्यावर बाईंना कळलं ते असं. अक्काच्या घशात गाठ आहे, वाईट आहे, आणि शनिवारी ऑपरेशन आहे. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढणार.

“नंतर आई बोलू शकणार नाही, मावशी. जे काय सांगायचं ते लिहून. त्याच्या आधी तुझ्याशी एकदा बोलायचंय म्हणते. शुक्रवारी संध्याकाळी मी व्हिडिओ लावून देतो. पण तुझ्या त्या डबड्यावर कसं जमणार? पुढं तिचे मेसेज तरी कशावर वाचशील? एखादा बरा फोन घे की.”

बाई “बघते” म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग हुबळीजवळच्या रायापूरच्या त्या दोन खोल्यांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत राहिल्या.

भांडण कशावरून होतं, तेही सांगून टाकू, उगाच कोड्यात कशाला ठेवायचं? आई अकरा वर्षं बाईंकडे होती, याच दोन खोल्यांत. बाईंनी लग्न केलं नाही, शाळा आणि आई एवढाच संसार. शेवटी आईचं फार झालं तेव्हा अक्का आली, “मिरजेला डॉक्टर चांगले आहेत” म्हणाली आणि घेऊन गेली. विसाव्या दिवशी पहाटे आई गेली. बाई मिळेल त्या गाडीनं निघाल्या, दुपारी मिरजेत पोचल्या, तर अंगण धुतलेलं आणि माणसं स्मशानातून परत आलेली. आईचं तोंडही पाहायला मिळालं नाही. अक्का म्हणाली, “सगळे म्हणाले, थांबू नका.” बाईंनी भरल्या घरात तिला सुनावलं, “आजपासून तू मला मेलीस. तुझ्याशी एक शब्द बोलले तर हेमावती नाव लावणार नाही.” आणि खरोखर बोलल्या नाहीत. अक्काचे फोन आले, उचलले नाहीत. दिवाळीला डबा आला, तो न उघडता शेजारी दिला. बाईंचं सगळंच असं, एकदा फळ्यावर लिहिलं की पुसायचं नाही.

पण पुसावंसं वाटत होतं हो. कितीदा वाटलं होतं. फक्त इतकी वर्षं नाही म्हटल्यावर आता हो कसं म्हणायचं यावर अडलं होतं, आणि आता अक्कानंच पुन्हा हात पुढं केला होता. शनिवारनंतर तिच्याकडे आवाजच राहणार नव्हता.

सोमवारी सकाळी बाई वरच्या मजल्यावरच्या वेदश्रीला घेऊन हुबळी-धारवाडच्या चिगरी बसनं हुबळीला गेल्या. वेदश्री कॉलेजात जाणारी पोर, घरात कन्नड, बाईंशी मराठी, आणि फोनमधलं सगळं कळणारी. आधी दोघी लॅमिंग्टन रोडवरच्या एका मोठ्या चकचकीत दुकानात शिरल्या. तिथला गळ्यात पट्टा घातलेला विक्रेता कन्नडमध्ये असा सुटला की थांबेना. कॅमेरा एवढा, बॅटरी एवढी, मागे सोनेरी रंग, वर इअरफोन फुकट.

“आवाज कसा आहे?” बाईंनी विचारलं.

“डबल स्पीकर, मेडम.”

“गाणी ऐकायची नाहीत मला. माणसाचा आवाज कसा येतो? दुखणेकऱ्याचा, बसलेला आवाज. लावून दाखवा.”

त्याला काही ते कळेना. डेमोच्या फोनमध्ये सिमकार्डच नाही म्हणाला. बाईंनी वेदश्रीकडे बघितलं, वेदश्रीनं जमिनीकडे. “म्हणजे फोन आहे, पण फोन लावून बघायचा नाही. छान!” असं म्हणून बाई पायऱ्या उतरल्यासुद्धा.

दुर्गदबैलाच्या बाजारात, भांड्यांच्या आणि कापडाच्या दुकानांमधल्या बोळात शेषगिरीचं दुकान होतं. शेषगिरी बाईंचा विद्यार्थी, तिसरी ‘ब’, पाढ्यांत कच्चा, पण शाळेची बिघडलेली घंटा खोलून दुरुस्त करणारा. आता पस्तिशीचा झाला होता, डोळ्याला भिंग लावून फोन दुरुस्त करायचा आणि जुने विकायचा.

“बर्री बाई, या, बसा!” त्यानं स्टूल पुसून दिलं. हातगाडीवाल्यांच्या आरोळ्यांमध्ये त्यानं बाईंचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, अक्काच्या घशाचंसुद्धा. मग म्हणाला, “खरं सांगू? तुमच्या बजेटात नवा घेतला तर दिसायला झकास मिळेल, पण सहा महिन्यांत रखडायला लागेल, आणि कानाशी आवाज पत्र्यासारखा. त्याच पैशात दोन वर्षं वापरलेला, वरच्या दर्जाचा घ्या. हा बघा. धारवाडच्या एका प्रोफेसरांचा. खोका आहे, बिल आहे.”

मग त्यानं एकेक करून दाखवलं. पांढरा पडदा लावून काचेवर कुठं डाग नाही ते. चार्जरची पिन हलवून, चार्जिंग तुटत नाही ते. आतला नंबर, खोक्यावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर एकच आहे, म्हणजे चोरीचा नाही. जुन्या मालकाचं खातं काढलेलं. बॅटरी त्यानं स्वतः नवी घातलेली. बाई प्रत्येक गोष्ट वहीवर लिहून घेत होत्या आणि शेषगिरीला तिसरीत असल्यासारखा घाम फुटत होता.

सगळं झाल्यावर बाईंनी स्वतःची परीक्षा घेतली. स्वतःचं सिम त्यात घालायला लावलं, वेदश्रीला बोळाच्या तोंडाशी, रिक्षांच्या गोंगाटात पाठवलं आणि तिथून हळू, अगदी घोगऱ्या आवाजात बोलायला सांगितलं. फोन कानाला लावला. वेदश्री घोगऱ्या आवाजात बारा महिन्यांची नावं म्हणत होती. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एक अक्षर निसटलं नाही. बाईंचा चेहरा असा खुलला, की शेषगिरीनं वर्गात तो कधी पाहिला नसेल.

“हाच दे. तिचं बोलणं मला नीट ऐकू आलं की झालं.”

“आणि तुम्ही बोलायचं इथं,” शेषगिरीनं खालच्या कडेला, चार्जिंगच्या जागेशेजारी सुईच्या टोकाएवढं भोक दाखवलं. “तुमचा आवाज इथनं जातो. धरताना त्यावर बोट ठेवू नका. आणि पाण्यापासून जपा, हं. हा एकदा उघडलेला आहे, आतलं रबर पहिल्यासारखं घट्ट नसतं. महिनाभरात काही झालं तर माझ्याकडे या, पण पाणी गेलं तर माझी जबाबदारी नाही.”

“मी काय फोन धुणाराय?” बाई म्हणाल्या.

नाही धुतला. जे केलं ते वेगळंच.

मंगळवार शिकण्यात गेला. हिरवं वर सरकवलं की उचलला, लाल दाबलं की ठेवला. मेसेज वाचायचे कसे, फोटो उघडायचा कसा. लिहायचं तेवढं राहिलं, बाईंच्या बोटाला तो कीबोर्ड दाद देईना. “असू द्या, पुढच्या आठवड्यात शिकवते,” वेदश्री म्हणाली.

बुधवारी खंडेनवमी. आता बाईंच्या घरची रीत सांगायला हवी. त्यांचे वडील अप्पा शिंपीकाम करायचे, आजोबा कोल्हापूरकडून हुबळीत आले तेव्हापासून घरात कात्री आणि मशीन. खंडेनवमीला घरातलं प्रत्येक हत्यार पाटावर मांडायचं आणि ते जिथून काम करतं नेमकं तिथं ओलं कुंकू लावायचं, असा अप्पांचा दंडक. कात्रीच्या मुठीला नाही, पात्याला. मशीनच्या चाकाला नाही, सुईपाशी. वरवर टिळा लावलेला त्यांना चालत नसे. “काम कुठनं होतं ते ओळखा आणि तिथं हात जोडा,” म्हणायचे. दोघी बहिणी लहानपणी यावरून भांडायच्या. अक्का कात्री घ्यायची, हेमाच्या वाट्याला विळी यायची.

बाईंनी पाट मांडला. अप्पांची कात्री, विळी, चष्मा, शाळेतलं लाल शाईचं पेन. आणि मधोमध नवा फोन. नवा म्हणजे जुनाच, पण घरात नवा. कुंकू वाटीत पाण्यानं कालवलं. कात्रीच्या पात्याला लावलं, विळीच्या धारेला लावलं, पेनच्या निबेला लावलं. फोनपाशी हात थांबला. याचं काम कुठनं होतं? काचेवर नव्हे. बाईंनी तो उलटा केला, ते बारीक भोक शोधलं आणि अनामिकेनं त्यावर कुंकू लावलं. पुन्हा बोट बुडवून आणखी एकदा लावलं, जरा दाबून.

“अक्काशी बोलणं धड होऊ दे,” त्या म्हणाल्या, मोठ्यानं. देवापुढं कधी काही न मागणारी बाई, त्या दिवशी मागून बसली.

पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, म्हणून फोन रात्रभर पाटावरच होता. गुरुवारी सकाळी बाईंनी अक्षता वाहून तो उचलला, पदरानं वरचं कुंकू पुसलं. वरचं. दुपारी गॅसवाल्याचा फोन आला. बाई म्हणाल्या, “आज दसरा आहे, उद्या आण.” तो आपला “हलो, हलो, यारी? कोण? हलो,” करत राहिला आणि बंद केला. “कानात बोळे घालून धंदा करतात मेले,” बाई म्हणाल्या आणि श्रीखंड ढवळायला लागल्या. इतक्या साध्या गोष्टीवर संशय का आला नाही, हे त्या नंतर स्वतःला किती वेळा विचारणार होत्या, त्याला गणती नाही.

शुक्रवारी सकाळी साडेसातला, चहा गॅसवर असताना, फोन वाजला. काचेवर वेदश्रीनं भरून दिलेलं नाव आलं, शांताक्का. संध्याकाळी येणार होता तो फोन. बाईंनी हिरवं सरकवलं.

“हेमा?”

किती घोगरा झाला होता आवाज! पण अक्काचाच. शेवटचं अक्षर जरा लांबवायची ती लहानपणापासून, तसंच.

“अक्का! अगं अक्का, बोल, मी आहे,” बाई म्हणाल्या.

“हेमा, आहेस का? मी शांता. डॉक्टर आजच करतो म्हणाले गं. उद्याचा माझा नंबर आज लागला. सुमंत खाली कागद भरायला गेलाय, मला धीर धरवेना, म्हणून मीच लावला.”

“आज? आज कसं? अक्का, थांब, मला बोलायचंय…”

“हेमा?”

“बोलतेय की मी!”

पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास. मग अक्का म्हणाली, “फोन तू उचललायस एवढं कळतंय मला. इथं काचेवर सेकंदं पळताहेत. बोलणार नाहीस?”

अक्काला ऐकू कमी येतं की काय? बाई ओरडल्या, “अक्का, माझं चुकलं गं! सहा वर्षं मी गाढवासारखी वागले. ऐकतेस ना? अक्का!”

“राग आहे ना अजून,” अक्का म्हणाली. “असू दे. तू ऐक फक्त. त्या दिवशी मी थांबायला हवं होतं. सगळ्यांनी घाई केली आणि मी गप्प बसले. माझी हेमा येतेय, थांबा, एवढंच म्हणायचं होतं, तेवढंही तोंडातून निघालं नाही. आवाज होता तेव्हा वापरला नाही बघ मी. आता जायच्या आधी तुला सांगतेय.”

बाई रडत होत्या, बोलत होत्या, रडत होत्या. चहा उतू जाऊन गॅस विझला होता. त्यांनी फोन तोंडासमोर धरला, पुन्हा कानाला लावला, पुन्हा तोंडासमोर धरला.

“एकदा अक्का म्हण,” फोनमधून आवाज आला. “बाकी काही नको. तेवढं ऐकते आणि जाते आत.”

“अक्का! अक्का! अक्का गं!”

स्वयंपाकघरातली भांडी दणाणली असतील. अक्का वाट बघत राहिली. किती वेळ? बाईंना वाटलं, अर्धा तास. काचेवरच्या आकड्यांत वीस सेकंदंच झाली असतील.

“नाही म्हणत?” अक्का म्हणाली. “बरं. गोळ्या घेत जा वेळेवर.”

आणि फोन बंद झाला.

बाईंनी परत लावला. वाजला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, तर बंद. सुमंतला लावला. त्यानं उचलला, “हलो? मावशी? हलो… मावशी, बोल ना,” म्हणाला आणि ठेवून दिला. तेव्हा बाईंना गॅसवाला आठवला. तशाच, अनवाणी, जिना चढल्या आणि वेदश्रीचं दार दोन्ही हातांनी बडवलं.

वेदश्रीच्या फोनवरून सुमंत लागला तोवर दहा मिनिटं गेली होती.

“आत्ताच आत नेलं, मावशी. दार लागलं.”

“काही म्हणाली का?”

सुमंत म्हणाला, “म्हणाली, हेमानं उचलला, पण बोलली नाही. मावशी, एक शब्द टाकला असतास तर तुझं काय गेलं असतं गं?”

“मी बोलले रे सुमंत! घसा फाटेपर्यंत बोलले! फोन बिघडला, माझा आवाज गेला नाही तिकडे. देवाशपथ सांगते.”

“बरं,” सुमंत म्हणाला. त्या एका ‘बरं’मध्ये किती विश्वास होता, ते बाईंना चांगलं कळलं. आयुष्यभर मुलांच्या सबबी ऐकून त्यासुद्धा असंच ‘बरं’ म्हणत आल्या होत्या.

“मी निघते मिरजेला.”

“नको. तीन दिवस आत कुणालाच सोडणार नाहीत. मलाही काचेतूनच बघायचंय. मी सांगतो तेव्हा ये.”

आता करायचं काय? तिकडे दार लागलेलं, इकडे घर खायला उठलेलं. दुःखाचं काय करायचं ते बाईंना कधीच जमलं नव्हतं. रागाचं जमायचं. त्यांनी फोन पिशवीत कोंबला आणि हुबळीची बस धरली.

दुर्गदबैलात नुकती दुकानं उघडत होती. शेषगिरी उदबत्ती लावत होता, काउंटरपाशी गिऱ्हाईक म्हणून एक नवरा-बायको बसलेले, जुनाच फोन बघत. बाईंनी फोन काउंटरवर आपटला.

“हा घे तुझा माल! जुनं खटारं गळ्यात मारलंस माझ्या! बाईंना काय कळतंय, असं वाटलं ना तुला? समोरचं ऐकू येतं, माझं जात नाही. माझी बहीण तिच्या आवाजातलं शेवटचं बोलणं माझ्याशी बोलली, आणि मी मुकी ठरले! मुकी! नवा घेतला असता, कसाही घेतला असता, तरी एक शब्द तर गेला असता. तुझ्यावर विश्वास टाकला मी. आणि तुम्ही,” बाई त्या नवरा-बायकोकडे वळल्या, “तुम्ही उठा इथनं. याच्याकडून काही घेऊ नका.”

ती दोघं खरंच उठून गेली. हातगाडीवाले थांबून बघायला लागले. शेषगिरीचा चेहरा लाल झाला होता. त्यानं भिंग डोळ्याला लावलं, दिव्याखाली फोन उलटा धरला आणि बराच वेळ बघत राहिला. मग एक पांढरा कागद ओढून घेतला आणि बारीक सुईनं, जपून, त्या भोकाची कड खरवडली.

कागदावर लाल कण पडले. त्यानं ब्रश फिरवला, आणखी पडले. वाळून टणक झालेलं, गडद लाल.

“बाई,” शेषगिरी हळू म्हणाला, “पूजेला ठेवला होता का?”

बाईंनी कागदाकडे बघितलं. ते कुंकू त्यांना ओळखू आलं, वाटी ओळखू आली, आणि अनामिकेनं दोनदा दाबलं ते आठवलं. ज्या गोष्टीसाठी देवापुढं हात जोडले होते, तीच स्वतःच्या बोटानं बुजवून टाकली होती. त्या स्टुलावर बसल्या. बसल्या म्हणण्यापेक्षा कोसळल्या.

शेषगिरीनं दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, बघ्यांना हाकललं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. मग फोन उघडला. कुंकवाचं पाणी आतल्या जाळीपर्यंत गेलं होतं. तासभर तो स्पिरिटनं पुसत, सुकवत, फुंकत बसला, आणि बाई त्याच्या हातांकडे बघत बसल्या.

“शेषगिरी,” शेवटी त्या म्हणाल्या, “तुझं गिऱ्हाईक घालवलं मी. चारचौघांत नाही नाही ते बोलले. चूक माझी होती.”

“जाऊ दे की, बाई.”

“जाऊ दे काय? माझं काय जाऊ द्यायचं राहिलंय आता?”

त्यानं फोन पुन्हा जोडून बाईंच्या हातात दिला, स्वतःचा कानाला लावला आणि म्हणाला, “मला लावा. बोला काहीतरी.”

बाईंनी लावला. तोंडातून जे निघालं ते एकच.

“अक्का.”

शेषगिरी फोन कानाला धरून तसाच उभा राहिला. “येतंय, बाई,” तो म्हणाला. “स्वच्छ येतंय.” दुरुस्तीचं काही घ्यायला तो तयार होईना. बाईंनी तो कुंकवाचा कागद मात्र मागून घेतला, घडी करून पर्समध्ये ठेवला. पुरावा म्हणून ठेवला असेल, दुसरं काय?

ऑपरेशन नीट झालं, असं संध्याकाळी सुमंतनं कळवलं. शनिवार गेला, रविवार गेला. बाईंनी मंगळवारच्या गाडीचं तिकीट काढलं, बॅग भरून दाराशी ठेवली. सुमंतला कुंकवाचं सगळं दोनदा सांगून झालं, कागदाचा फोटोही वेदश्रीकडून पाठवून झाला. तो “हो मावशी” म्हणायचा. “आईला सांगितलंस का?” विचारलं की “शुद्धीवर नीट येऊ दे” म्हणायचा.

सोमवारी चारच्या सुमारास त्याचा फोन आला. “नर्सनं दोन मिनिटं दिलीत. आईला व्हिडिओ नको आहे, गळ्याला सगळ्या नळ्या आहेत. मी फोन कानाशी धरतो. बोल.”

आणि मग काहीच नाही. नुसती हवा, आणि कुठल्याशा मशीनची टुक टुक.

“अक्का,” बाई म्हणाल्या. “अक्का, मी हेमा.”

टुक टुक.

“त्या दिवशी मी बोलत होते गं. तू म्हणालीस अक्का म्हण, मी दहादा म्हटलं. तुझ्यापर्यंत पोचलं नाही. माझंच चुकलं, सहा वर्षांचंही आणि त्या दिवशीचंही. अक्का, ऐकतेस ना?”

कुणी उत्तर दिलं नाही. कोण देणार? बाईंना माहीत होतं, तरीही त्या थांबल्या, वाट बघत. पलीकडे माणूस आहे, ऐकतंय की नाही कळत नाही, ऐकूनही मुद्दाम गप्प आहे की काय तेही कळत नाही. वीस सेकंदं गेली असतील. अक्कानं अशीच वीस सेकंदं काढली होती, ऑपरेशनच्या दाराशी, एकटीनं.

“अक्का, मी उद्या येतेय,” त्या कशाबशा म्हणाल्या, तेवढ्यात दोन मिनिटं संपली आणि फोन बंद झाला.

थोड्या वेळानं सुमंतचा मेसेज आला. फोटो होता. बाईंनी चष्मा लावला आणि दोन बोटांनी, वेदश्रीनं शिकवलं होतं तसा, तो मोठा केला. वहीचा फाटका कागद, त्यावर पेन्सिलीनं, वेडंवाकडं लिहिलेलं. पण शेवटच्या अक्षराची शेपटी लांबवलेली, म्हणजे अक्काचंच.

‘कुंकवाचं सुमंतनं आता सांगितलं. खरं का खोटं, विचारणार नाही.’

पर्समधला कागद, देवाची शपथ, सगळं राहिलं बाजूला. अक्काच्या मनातली ती शंका आता कुणीच पुसू शकणार नव्हतं. पण खाली आणखी एक ओळ होती, जरा मोठ्या अक्षरात.

‘परत म्हण.’

बाईंनी सुमंतचा नंबर लावला. अनामिका त्या भोकावर नाही ना, हे दोनदा बघितलं. नर्सनं आणखी एक मिनिट दिलं असावं, पलीकडे फोन उचलला गेला, टुक टुक ऐकू आली, आणि हेमावतीबाई वरच्या मजल्यावर वेदश्रीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, “अक्का.”